पाळ फोडणारी पोरगी आणि आमचा रोवणा

सोळा वर्षांच्या पोरींनी आजवर जेवढ्या राजवटी उलथवल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या स्वयंपाकघरात उलथल्या आहेत. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात भाजी ढवळायचा सराटा. एकदा एक पोरगी उडत्या अजगराच्या पाठीवरून घसरत होती आणि तिला वर ओढून घेईपर्यंत माझ्या वांग्याच्या भाजीचा असा धूर झाला की शेजारच्यांनी पाण्याच्या बादल्या आणल्या. मी दारात उभी राहून म्हटलं, थांबा, अजून चार पानं आहेत.

ही पुस्तकं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी असतात म्हणे. मी सत्तेचाळिशीची, सहा एकर धानाची मालकीण. गोंदियाला कॉलेजात शिकणारी माझी भाची ती वाचते आणि वाचून झाली की माझ्याकडे पाठवते. पहिलं इंग्रजी पुस्तक संपवायला मला अख्खा उन्हाळा लागला; दोन वावरांमधल्या ओल्या धुऱ्यावरून डोक्यावर भारा घेऊन चालावं तशी एकेक ओळ चालत गेले. आता तीन दिवसांत एक फस्त होतं. भाची म्हणते, "मावशी, तू वाचत नाहीस, चरतेस."

चरायला काय वाईट आहे? मोठ्या माणसांच्या कादंबरीत नायक खिडकीशी बसून चाळीस पानं उसासे टाकतो. इथं चाळिसाव्या पानापर्यंत पोरगी दोनदा पळालेली असते, एकदा पकडली गेलेली असते आणि जगात काहीतरी मुळातून चुकलंय हे तिला कळलेलं असतं. मोठ्यांना ते कळूनही ते गप्प बसलेले असतात, हे या पुस्तकांइतकं सरळ मला कुणी सांगितलं नाही. माझी तक्रार एकच. यांत कुणी स्वयंपाक करत नाही. पोरगी एका पोळीवर तीन दिवस वाळवंट तुडवते आणि चौथ्या दिवशी बुरुजावर चढते. लिहिणाऱ्यांनी एकदा रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला यावं, मग कळेल तीन दिवसांना किती पोळ्या लागतात.

रोवण्यावरूनच सांगायचं आहे मला. त्या वर्षी आमची चिखलणी लांबली, कारण ट्रॅक्टरवाल्याने आज येतो, उद्या येतो करत दहा दिवस घालवले. तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, नको तेवढी वाढून बसली. शेंडे पिवळे पडायला लागले. त्या आठवड्यात रोवली नसती तर पुढे नुसतं तणस हाती आलं असतं, दाणा नाही. आणि रोवणाऱ्या बायांची टोळी मला मिळाली फक्त तीन दिवसांसाठी, सोमवार ते बुधवार. गुरुवारपासून त्या रस्त्यापलीकडच्या भाऊजींच्या वावरात जाणार होत्या. माझं काम होतं पाच दिवसांचं.

चौदा बाया. साऱ्या नवेगाव बांधाच्या आजूबाजूच्या, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली जन्मलेल्या आणि पाळीखालीच दिलेल्या. त्यांची म्होरकी साठीची एक काकी. तिचं वर्णन काय करू? ती रोपांची पेंडी फेकायची ती दोन बांध्या, म्हणजे धानाचे दोन वाफे ओलांडून नेमकी जिथं हवी तिथं उभी पडायची. तिनं रोवलेल्या ओळीवरून सरकारी मोजणीवाल्यांनी आपली साखळी सरळ करून घेतली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी.

सोमवारी मीही त्यांच्याबरोबर चिखलात उतरले आणि कंबर मोडायला लागली तशी एक गोष्ट सुरू केली. तेव्हा मी तीन भागांच्या एका कादंबरीचे दोन भाग वाचून बसले होते. एक कोरडं शहर. वर डोंगरात एका जुन्या पाळीमागे मोठा तलाव, पण तो शहराच्या कारभाऱ्याच्या ताब्यात. तो दर घरामागे दिवसाला एक लोटा पाणी देतो. शहरात एक सोळा वर्षांची पोरगी आहे, ती जमिनीला कान लावला की खालचं पाणी ऐकते.

"एका लोट्यात भांडे घासतेत का आंघोळ करतेत?" एकीनं विचारलं.

"आंघोळ करत नसतीन," दुसरी म्हणाली.

"मंग तो पोट्टा तिच्या जवळ बसते कसा वो?"

कारण पोट्टाही होता. एक नाही, दोन. या पुस्तकांत दोन असतातच. बायांना ते अजिबात पटेना.

"दोन कायले? एकानं भागत नाही?"

"भागते वो," काकी वाकल्या वाकल्या म्हणाली. "एक वावरात, एक घरी."

मंगळवारभर याच्यावर मतं पडली. घोड्यावर बसणारा देखणा पोट्टा तेरा मतांनी पडला. त्याला मिळालेलं एकुलतं मत माझं होतं. कारभारी गादीवर बसून हौदात पाय बुडवतो हे सांगितलं तेव्हा एका बाईनं त्याच्या नावानं रोपटं एवढ्या खोल खुपसलं की ते पाताळातून उगवलं असेल. आणि हात. हातांकडे बघतच राहावं. गोष्टीत पोरगी पळाली की हात पळायचे, ती लपली की हळू व्हायचे. म्हणून मी तिला लपूच दिलं नाही. पुस्तकात ती नऊ दिवस एका भुयारात बसते. माझ्याकडे ती भुयारात गेली आणि दुसऱ्या तोंडातून लगेच बाहेर पडली.

बुधवारी संध्याकाळी दुसरा भाग संपला. तो असा संपतो: पोरगी हातात कुदळ घेऊन डोंगरातल्या पाळीवर उभी आहे. खाली तहानलेलं शहर. ती कुदळ उचलते. बस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात एकटीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. एवढी शाबासकीची जागा मी कोणत्याच पुस्तकात पाहिली नव्हती. मी ते तसंच सांगितलं, हात वर करून, चिखल उडवत.

चौदा बाया ताठ झाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांची उंची मला कळली.

"पाळ फोडते?" काकी म्हणाली. "पाळ?"

"लोकांना पाणी मिळावं म्हणून, काकी."

"तुडुम नाही का त्या तलावाले?"

तुडुम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार. त्यावर कारभाऱ्याचा पहारा आहे, असं मी म्हटलं.

"मंग पहारेकऱ्याले फोड ना. पाळ फोडून राहिली? अशी कशी पोरगी वो तुझी? पाळीच्या खाली कोनाचे घरं आहेत?"

मला ठाऊक नव्हतं. दोन भाग, हजारभर पानं, आणि पाळीच्या खाली कोण राहतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिसरा भाग भाचीकडे होता. मी तिथूनच फोन केला. ती म्हणाली, शुक्रवारच्या सकाळच्या बसने पाठवते.

गुरुवारी आठ वाजता भाऊजी ट्रॉली घेऊन हजर. "चला, बसा," म्हणाले. बाया आधीच माझ्या बांधीत उतरलेल्या. काकीनं मान वर केली नाही.

"भाऊ, थांब जरा. पोरगी पाळीवर उभी आहे."

"कोनाची पोरगी?"

"मालूम नाही. हातात कुदळ आहे तिच्या. फोडते का का करते, काही समजून नाही राहिलं."

भाऊजींचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा झाला. ट्रॉली तशीच वळवली, वाटेत चार माणसं चढवली आणि आमच्या गावच्या तलावाची पाळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली. तिथं एक म्हैस होती. ते परत आले तेव्हा दुपार झाली होती, आणि एवढं उरलंय तर आजचा दिवस होऊ द्या, असं काकीनंच त्यांना सांगितलं.

"वयनी, हे काही खरं नाही," ते मला म्हणाले.

"खरं कुठंय भाऊजी, पुस्तकातलं आहे," मी म्हणाले.

पण गुरुवार भरून काढायला माझ्याकडे गोष्ट नव्हती. आणि शुक्रवारी सगळ्यांत मोठी बांधी उरणार होती. बायांना पुढचं हवं होतं, ते न मिळता त्या गेल्या असत्या. मग मी रचलं. पोरीनं कुदळ घातली, पाळ फुटली आणि पाणी शहाण्या गाईसारखं रस्त्यानं खाली उतरलं. प्रत्येक दारापाशी थांबलं, लोटा भरला, पुढं गेलं. कोंबडीचं पीससुद्धा भिजलं नाही. कारभारी तेवढा वाहून गेला, तोही गादीसकट.

काकीचे हात थांबले.

"बाई," ती म्हणाली, "पानी असा नाही चालत."

संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून रोवत राहिली. दुसऱ्या दिवशी या बाया येणार नाहीत, असं मी धरूनच चालले.

शुक्रवारी त्या आल्या, पण डबे भाऊजींच्या ट्रॉलीत ठेवूनच. दुपारनंतर भाऊजींकडे जायचं त्यांचं ठरलं होतं. अकराच्या बसच्या कंडक्टरनं भाचीची पिशवी दिली. मी धुऱ्यावर प्लास्टिक पांघरून बसले आणि पुस्तक उघडलं.

पहिल्या पानावर चपला आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या चपला, लहान-मोठ्या, जोडीच्या, सुट्या. एकही माणूस नाही, एकही मढं नाही, रडणं नाही. पाळीखाली एक वस्ती होती. पोरीला जिनं लहानाची मोठी केली ती तिची आत्या त्याच वस्तीत राहायची. दुसऱ्या पानावर पोरगी त्या चपलांतून एक ओळखते आणि कुणाला सांगत नाही.

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. मी आयुष्यात मुंगीचा हत्ती केला, हत्तीचं वऱ्हाड केलं, पण त्या पानाला हात लावायची माझी छाती झाली नाही. एक ओळ इकडची तिकडं केली असती तरी ते पान मेलं असतं. लिहिणाऱ्या बाईनं कुठल्या देशात बसून हे लिहिलं कुणास ठाऊक. तिनं अख्खे दोन भाग मला कुदळीला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, आणि या चौदा जणींना एका संध्याकाळी जे दिसलं ते तिनं जाणूनबुजून तिसऱ्या भागापर्यंत दाबून धरलं होतं. सांगितलं तर माझं खोटं उघडं पडणार, बाया जाणार, मोठी बांधी पडून राहणार. पिवळे शेंडे समोर दिसत होते.

मी चिखलात उतरले आणि ते पान जसं होतं तसं सांगितलं.

रोवणारे हात एकेक करून थांबले. मग शेवटच्या टोकाची एक बाई, जी पाच दिवसांत बोलली नव्हती, म्हणाली, "माझ्या माहेरी पाळ फुटली होती तवा आमची काठवट आंब्याच्या झाडात सापडली. वरच्या खांदीत." एवढंच बोलून ती वाकली.

काकी माझ्यासमोर आली. "काल झूट काऊन सांगतलीस?"

"तुम्ही जाल म्हणून."

"गेलोच असतो." तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. "आता ते पोरगी का करते?"

"पुढं नाही वाचलं."

"मंग वाच. तू नको रोवू, तुझी ओळ तशीबी वाकडी जाते. वाच, आमी रोवतो."

मी बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून वाचलं, इंग्रजीतून उचलून आमच्या बोलीत ओतत. जिथं अडले तिथं काकी म्हणायची, "तो शब्द राहू दे, पुढं चाल." राज्य उलथल्यावर इतर पुस्तकं हात झटकून निघून जातात. हे पुस्तक तिथंच राहिलं. पोरगी परत जाऊन पाळ बांधायला लागते. कुणी तिच्याशी बोलत नाही. ती एकटी टोपल्यांनी माती टाकते आणि पहिल्या पावसात ती माती वाहून जाते. तिथं बायांनी मला थांबवलं. माती कुठली घेतली, खाली चर खणला का, बैल फिरवले का? काहीच केलं नव्हतं पोरीनं. चौदाही जणी एकदम तिला शिकवायला लागल्या. पाळ कशी बांधतात याचा असा धडा मी ऐकला नव्हता. त्या नादात भाऊजींची ट्रॉली रस्त्यावर भोंगा वाजवून वाजवून थकली. दिवस मावळायला आला तेव्हा मोठी बांधी हिरवी झाली होती. रोवणा सरला की मालकिणीला चिखल फासायची आमच्याकडे रीत आहे; मला फासायला जागाच उरली नव्हती, तरी त्यांनी फासला.

पण सुटका झाली नाही. तिसऱ्या भागातली अर्धी पानं शिल्लक होती. शनिवारी सकाळी काकीनं भाऊजींना सांगितलं, "हे बाई आली तर आमी येतो." आणि सहा एकरांची मालकीण मी, ट्रॉलीत उकिडवी बसून भाऊजींच्या वावरात गेले. चार दिवस वाचलं. भाऊजी पहिल्या दिवशी धुऱ्याच्या पार पलीकडे उभे होते, चौथ्या दिवशी बांधीत होते.

शेवट मी सांगत नाही, ज्याला हवा त्यानं वाचावा. पाळ उभी राहते एवढं सांगते. लोक पोरीशी बोलतात की नाही हे लिहिणारीनं सांगितलेलंच नाही. एक म्हातारी येते आणि न बोलता पोरीच्या शेजारी टोपली ठेवते, तिथं पुस्तक संपतं.

मी ते मिटलं. काकीनं हात धुतले, पुस्तक मागितलं, उलटं-पालटं करून मागच्या बाजूचा फोटो पाहिला. गोऱ्या, आखूड केसांच्या त्या बाईकडे ती बराच वेळ बघत होती.

"हे बाई कोन्या गावची?"

"लांबची, काकी. समुद्राच्या पलीकडची."

"माहेर असन तिकडचा," काकी म्हणाली. "सासर इकडलाच आहे तिचा."