तिकडं दूध, हितं बूट

लढाई संपली आणि धाकटे चुलते पलटणीतून घरी आले. माझे वडील ब्रह्मदेशात गेले होते, ते आलेच नाहीत.

चुलते इटलीत जखमी झाले होते. तिथल्या दवाखान्यात त्यांची एका इंग्रज आणि एका अमेरिकन शिपायाशी गट्टी जमली होती. त्यांच्या गप्पा ते आम्हाला रंगवून सांगत. "वैनी, इंग्रजाचं सरकार साळंतल्या पोरास्नी दूध पाजतंय, दात-डोळं फुकट तपासतंय. अमेरिकावाला म्हनं, आमच्यात डाक्टरचं पैसं ज्याचं त्यानं द्यायचं, पर सरकारी रस्तं बगा! दोगं बी गडगंज, पर खर्चाची तऱ्हा निराळी."

आई भाकरी थापत होती. "आपल्यावर बी इंग्रजाचंच राज्य हाय न्हवं? तिकडं दूध, आन हितं?"

चुलते अडखळले. "हितं... पलटणीत बूट लय चांगलं देत्यात."

आईला तिथंच शंका आली. आमच्या गावात दात, डोळे, छाती फुकट तपासायची ती भरतीच्या वेळी. वडिलांचीही तशीच तपासली होती. दूध पाजून पोरं पलटणीसाठीच पोसत असणार, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्यात चुलत्यांनी माझ्या थोरल्या भावाचा विषय काढला. त्याला फळ्यावरचं दिसत नसे आणि मास्तर बडवून काढत. "मिरजंच्या दवाखान्यात न्हेऊन डोळं दावू."

आईनं तवा खाली उतरवला. "भावजी, पोरगं दिल्यावर तुमास्नी काय मिळतंय?"

चुलते ताटावरून उठले. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मीही त्या दिवसापासून त्यांच्यावर पाळत ठेवली. भावाला मी त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंतसुद्धा जाऊ देत नसे.

मग एकदा भाऊ समोरून येणाऱ्या बैलगाडीखाली जाता जाता वाचला. त्याला ती दिसलीच नव्हती. संध्याकाळी आई आपणहून चुलत्यांपाशी गेली.

"मिरजंत पैसं घेत्यात का?"

"घेत्यात की."

"मग चला."

पैसे घेणारा पोरगं घेत नाही, असा तिचा हिशेब. वडिलांच्या मागं मिळणारी पेन्शन पदराच्या गाठीत बांधून ती निघाली. मीही मागं लागून गेले.

डॉक्टरांनी भावाला चष्मा दिला. आईनं विचारलं, "चष्मेवाल्याला पलटणीत घेत्यात का वं?"

"एवढा जाड चष्मा? नाही, बाई."

वडील गेल्याची तार आल्यापासून आई हसली नव्हती. त्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर कितीतरी दिवस ती भावाला झोपतानाही चष्मा काढू देत नसे.