भावाला घेऊन ये

नसीम आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात रिक्षात बसत होते. तशीच उतरले आणि एका दुकानाच्या पायरीवर टेकले... त्याला आता महिना झाला. रोहन, तारा, मी, तुमची आजी, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे एवढंच तुम्हाला तिकडे परदेशात ठाऊक. पण कॉलेजला सुट्टी असली की मी मुकुंदवाडीला आपाच्या बालवाडीत मदतीला जायचे. स्टेशनजवळ पत्र्याची एक खोली, आणि बांधकामावर जाणाऱ्या बायांची मुलं खोलीभर पांगलेली. मी त्यांना ओळीत बसवायला गेले की आपा हसायची, "बाई, बच्चे हैं, फौज नक्को बनाओ!"

तिथं पाच वर्षांची संगीता यायची. कडेवर धाकटा भाऊ, आणि तोंडातून शब्द नाही. दाराशीच बसायची. एकदा तिची आई तिला कायमचं न्यायला आली. "सोताचं नावबी सांगंना, आपा. पहिलीत कोण घेईल हिला? घरी राहिली तर पोरगं तरी सांभाळंल."

"मग इथंच सांभाळू दे की," आपा म्हणाली. "जूनपर्यंत दे मला. मग तुझं खरं." आणि संगीताला, "रोज भावाला घेऊन ये."

आपानं जुनी साडी छताच्या नळीला बांधून झोळी केली. संगीताचे हात मोकळे झाले. ती मणी ओवू लागली, रंगवू लागली, बोलेना मात्र. उन्हाळा लागला. आई दारातून नुसती बघून जायची... मग एका दुपारी भाऊ रडायचा थांबेना, तशी संगीता झोका देत आम्ही रोज म्हणायचो ते आकड्यांचं गाणं म्हणू लागली. अख्खं. मी टाळ्या वाजवणार, तोच आपानं माझा हात धरला. "बघू नका तिच्याकडं. गाऊ द्या."

जूनमध्ये शाळेत गुरुजींनी नाव विचारलं. तिनं आधी भावाचं सांगितलं, मग स्वतःचं. पुढं ती शिकत गेली, सोयगावला नर्स झाली. आता फोनवर तिला थांबवणं अवघड.

शाळेत नाव लागलं त्या दिवशी तिची आई धाकट्याकडं बघत म्हणाली, "व्हय, पण आता ह्याला कोण बघंल?"

"ये तो मेरा नया स्टुडंट," म्हणत आपानं मुलांच्या पिशव्यांच्या खुंट्यांखाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणखी एक खुंटी ठोकली. शाळेत आला म्हटल्यावर पिशवी नको? त्याच्या पिशवीत नुसते लंगोट असायचे.

परवा बालवाडीत गेले. नव्या बाई मुलांना खाऊ वाढत होत्या. खालच्या खुंटीवर एवढीशी पिशवी होती... तिच्यातून लंगोटाचं टोक बाहेर आलं होतं.