गजूची अकरा बटणं

गजू गेल्याची बातमी यवतमाळात मीच आणली, आणि ती कोणी खरी मानली नाही. बोरी अरबच्या बाजारात असताना त्याच्या भावाचा फोन आला. तशीच मोटरसायकल दामटत परतलो, आमच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "गजू गेला." सगळे हसले. "काहून बे बंड्या, परवा तुह्या गाडीखाली वाघ आलता, अन् आज गजू?" दोष त्यांचा नव्हता. मी एका कंपनीचं कपाशीचं बियाणं विकत गावोगाव फिरायचो. एका बोंडात एक उशी भरते असं सांगायला सुरुवात करायचो, चहा संपेपर्यंत गादी तयार व्हायची. त्या दिवशी माझ्या तोंडून पुढे शब्दच फुटेना, तेव्हा टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला… मग त्यांना पटलं.

गजू घाटंजीकडच्या एका तांड्यातला. आमच्या गावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. बोलणं कमी, त्यामुळे आमची जोडी छान जमली. त्याच्या वाट्याचंही मीच बोलायचो. शेतकऱ्यांना बोंडांचे फोटो दाखवायला मी नागपूरहून एक जुना लॅपटॉप आणला होता. वजन पाट्याइतकं, आणि तापायचा असा की मांडीवर घेतला तर वर भाकर शेकून निघावी. (एकदा शेकली होती. साक्षीदार आता उरला नाही.) जगभरची माणसं घरबसल्या लिहून फुकट वाटतात अशी एक संगणकप्रणाली आहे, गजू त्या मंडळींत होता. ती त्याने माझ्या लॅपटॉपवर चढवली. तर कोपऱ्यातलं एक बटण धरून वरच्या रांगेतलं दुसरं दाबायचं, म्हणजे आवाज किंवा पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो ना, ती अकरा बटणं कधी चालायची, कधी रुसायची. माझ्यासारख्याने दोन चापट्या मारून विषय संपवला असता. गजूने त्या लॅपटॉपचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला बटणांचा अर्थ सांगणारा प्रोग्राम, उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"एसटी स्टँडवर दर गाडीसाठी वेगळा चौकशीवाला बसवून ठेवला आहे बे. अकरा जण, अन् अकराही तेच ते बोलून राह्यले."

"मग?"

"मी एक फलक लावतो. बटणाचा नंबर पाहा, समोर लिहिलं ते काम करा. खल्लास."

दोन महिन्यांचे रविवार त्याने माझ्या लॅपटॉपपुढे काढले. वीज जायची, बॅटरी पंधरा मिनिटांत मान टाकायची, हा वीज यायची वाट पाहत वहीत फलक लिहायचा. ओळींमागून ओळी खोडत होता. मी म्हटलं, लोक लिहून मोठे होतात, तू खोडून होतोस की काय? तो नुसता हसला. आणखी एक ओळ खोडून म्हणाला, "त्या कपाशीपायी जगात आपल्या जिल्ह्याचं नाव कायले निघते, तुले माहीत आहे. एका कागदावर तरी धड कामासाठी निघू दे." त्या मंडळींत काम पाठवताना ते यंत्रावर कोणी तपासलं, त्याचं नाव-गाव लिहितात. तिथे तो माझं नाव आणि 'यवतमाळ' लिहिणार होता.

शेवटच्या रविवारी फलक पूर्ण झाला, तेव्हा त्याचे डोळे पिवळे दिसत होते. अंगात कणकण होती. घडी घातलेला एक कागद त्याने लॅपटॉपच्या झाकणात ठेवला. "घरी नेऊन दर बटण तीनदा दाबजो. काय झालं ते यावर लिहिजो. तुह्या वाघ-बिबट्याचं काही नाही, पण यात गप्पा नको."

लॅपटॉप घरी टाकून मी टपरीवर गेलो. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "सगळं चकाचक!" त्याने विश्वास ठेवला आणि काम पाठवून दिलं.

आठवड्याभरात त्याला नागपूरला हलवावं लागलं. कावीळ फार पुढे गेली होती. मी भेटायला गेलो, तर हळदीसारखा पिवळा चेहरा वळवून म्हणाला, "त्यांचं उत्तर नाही आलं अजून. बंड्या, दाबली ना?" मी म्हटलं, "माय शपथ." ती आमची शेवटची भेट.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तपासणारा म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे मलाही आलं. दूर देशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, काम फार सुबक आहे. फक्त उजेडाच्या दोन बटणांचे नंबर फलकात उलटे पडल्यासारखे वाटतात. तपासताना तसं दिसलं का?

त्या रविवारनंतर मी पहिल्यांदा लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि 'उजेड कमी' दाबलं. पडदा उजळला. पुन्हा दाबलं. आणखी उजळला… मी त्या सोमवारी एकदा जरी दाबलं असतं, तर गजूने तिथल्या तिथे दोन आकडे बदलले असते. आणि काम त्याच्याच हातून पुरं झालं असतं.

मग तो कागद उघडला. अकरा बटणांची नावं, प्रत्येकापुढे तीन चौकोन, पेन्सिलीने आखलेले. आणि सर्वांत खाली, बारावी ओळ. 'दाबलं नाही.' पुढे एकच चौकोन. कडेला बारीक अक्षरात: 'तरी चालते. मी येऊन दाबीन.'

मी आधी त्या चौकोनात खूण केली. मग बाकीचे तेहतीस भरले. दूरच्या माणसाला मोडक्या इंग्रजीत लिहिलं की मी खोटं बोललो होतो, आता दाबली आहेत, दोन उलटी आहेत, आणि ज्याने हे केलं तो नाही. त्याने दोन आकडे सुधारून काम घेतलं. वर गजूचं नाव आहे. खाली माझं, आणि यवतमाळ.

लॅपटॉप आता चालू होत नाही. कागद अजून झाकणातच आहे. टपरीवर मी हे सांगतो, तेव्हा लोक विचारतात, "अन् वाघ कधी येते?" मी म्हणतो, यात वाघ नाही.