दोन यंत्रांची सरासरी

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात सगळे तिला सांभाळूनताई म्हणत. पेशंटची हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवताना "सांभाळून" म्हणायची तिला सवय होती, पण नाव पडलं ते तेवढ्यावरून नव्हे. घरी सासू आणि नवरा, दवाखान्यात आई आणि मुलगा, अशा दोन जोड्या ती वर्षानुवर्षं सांभाळून घेत आली होती. दोघांनी सारखंच कुरकुरावं, यालाच ती शांतता समजे.

दवाखाना मोठ्या बाईंचा. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, किती जाड आहे हे मोजणारं यंत्र त्यांनी उमेदीच्या काळात घेतलं होतं आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोराहून जास्त विश्वास होता. पोटचा पोर डॉक्टर होऊन आला तो नवं यंत्र घेऊनच. ते कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढी. अडचण एवढीच, की एकाच डोळ्याची जाडी जुनं यंत्र जरा जास्त सांगे आणि नवं जरा कमी. फरक केसाच्या जाडीइतकाही नव्हता, पण त्यापायी मायलेकांचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं बंद झालं. नव्याला कळत नाही, असं बाई म्हणत. जुन्याला आता दिसत नाही, असं मुलगा म्हणे.

ताईनं तोडगा काढला. दोन्हीकडे मोजायचं, दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा काढायचा आणि केसपेपरवर तोच लिहायचा. कुणाला काही सांगायचं नाही. बाईंना वाटलं, नवं यंत्र वठणीवर आलं. मुलाला वाटलं, आईनं माघार घेतली. दोघंही जेवताना हवापाण्यावर बोलू लागले. ताईला तर आपण मोठंच शास्त्रीय काम केलं असं वाटू लागलं.

मग ती बहिणीकडे आठवडाभर गेली, आणि नेमके तेव्हाच गाडी शिकवणारे मास्तर तपासणीला आले. त्यांचा कॉर्निया पातळ होऊन पुढे येतोय की काय, अशी शंका होती, म्हणून अधूनमधून मोजणी चाले. बदलीवर आलेल्या मुलीनं सरळ नव्या यंत्रावर मोजलं. मागच्यापेक्षा आकडा घसरलेला. मुलानं गंभीर चेहरा करून आजार वाढल्याचं सांगितलं. घाबरलेले मास्तर समोरच्या खोलीत बाईंकडे गेले. बाईंनी जुन्यावर मोजलं. आकडा वाढलेला. डोळा सुधारतोय, असं बाई म्हणाल्या. एवढासा व्हरांडा ओलांडताना मास्तरांचा आजार वाढला आणि बराही झाला.

मास्तरांनी शिकवणी बंद केली. ताई परतली तेव्हा ते बाकावर बसले होते, आणि आत मायलेकांची जुंपली होती.

"ताई," मास्तरांनी विचारलं, "मी गाडीत बसू की नको, एवढंच सांगा."

ताई आत गेली आणि खाली मान घालून तिनं सांगून टाकलं, की मागचा आकडा दोघांच्याही यंत्राचा नव्हता. तो तिचा होता.

मुलगा म्हणाला, "म्हणजे वर्षभर मी तुमच्या सरासरीवर औषध देतोय?"

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांत मायलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही ताईवर चिडण्यात.

राग ओसरल्यावर मार्ग निघाला तो अगदी साधा. कुठलं यंत्र खरं हा वादच नको. ज्याचा डोळा ज्या यंत्रावर मोजला, त्याचा कायम त्यावरच मोजायचा, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याला लावायचा नाही. शास्त्र तेच सांगत होतं. दिसायला मात्र ती घरातली वाटणीच दिसत होती. पेशंट वाटले गेले, खोल्या वाटल्या गेल्या. बाकावरही दोन तट पडले. जुन्याकडचे लोक नव्याकडच्यांना हौशी म्हणत, आणि नव्याकडचे लोक आपले रंगीत नकाशे उगाच उलगडून बसत.

मास्तर नकाशाच्या मोहानं नव्याकडे गेले. काही महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा मोजलं, तर आकडा जागचा हलला नव्हता. डोळा होता तसाच होता. मास्तर त्याच संध्याकाळी शिकवणीच्या गाडीत जाऊन बसले.

ताईची नोकरी टिकली, कारण दोन्ही यंत्रं चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. आता ती आकडा येईल तसा लिहिते. मायलेकांचं जेवताना पुन्हा वाजतं, आणि ताई मधे पडत नाही. सुरुवातीला तिला ते फार जड गेलं.