आधी आला, तळाशी गेला

पास्कूला वसईच्या खाडीवरल्या, माल नेणाऱ्या होडीच्या तांडेलाने फसवलं. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. गेल्या महिन्यात पास्कूच्या मयताला तोच तांडेल फुलं घेऊन आला आणि आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “मानूस भला, पन डोस्कं चालवायला गेला नि चुकला.” मी तिथेच त्याला जाब विचारणार होतो, पण पास्कूच्या बायकोने माझा हात धरला.

लढाईच्या दिवसांत मालगाडीचा डबा मिळेना, तेव्हा आम्ही बागायतदार केळी शिडाच्या पडावातून मुंबईला धाडू लागलो. धक्क्यावर रांग लागे. पास्कू सगळ्यांआधी बैल जुंपून येई, म्हणून त्याच्या टोपल्या आधी चढत, आणि आधी चढल्या म्हणून तळाशी जात. मुंबईला वरच्या टोपल्या आधी उतरत. पास्कूच्या बाहेर येईतो गिऱ्हाईक पांगलेलं, केळी दबून काळी. मागाहून जांभया देत आलेल्याचा माल मात्र हातोहात खपे, आणि तो बहुतेकदा तांडेलाच्या मेव्हण्याचा असे. पास्कू अंगणात नारळांवर चुन्याच्या खुणा करून ते कणगीत टाकी, वरून काढी, काढलेले दुसऱ्या कणगीत टाकून पुन्हा काढी. “बघ नाना, एका कणगीत उलटं होतं, दुसरीत परत सुलटं. पन दुसरा पडाव कुठून आनायचा? रांगच उलटी भरू. पयला आला त्याचा माल शेवटी चढवायचा.” कित्येक संध्याकाळी त्याने साऱ्या बागायतदारांकडून तो सराव करून घेतला. “एखादा नारळ फोडा आता, कालवनाला हवाय!” बायको आतून ओरडे.

सगळ्यांसमोर तांडेल कबूल झाला. त्या दिवशी पास्कू पहिला आला आणि बाजूला थांबून राहिला. शेवटच्यापासून एकेकाचा माल चढला. त्याची पाळी आली, तशी तांडेलाने शीड उभारलं.

“पानी उतरतंय, पास्कू. उद्या ये.”

“अरे, जागा हाय की!”

“पानी कोनासाठी थांबत नाय.”

जागा होती, मी पाहिली. पडाव हलला आणि थोडं पुढे जाऊन कोळीवाड्याच्या धक्क्याला लागला. तिथे मेव्हण्याच्या टोपल्या आरामात सगळ्यांच्या वर चढल्या...

पास्कूची केळी धक्क्यावर सडली. दुसऱ्या खेपेपासून जुनी रीत सुरू झाली. ज्यांनी अंगणात बसून माना डोलावल्या होत्या, तेच त्याला पाहून म्हणू लागले, “काय पास्कूभाय, आज रांगेचं कंचं टोक पुढं?” मी म्हटलं, चल, तांडेलाची गचांडी धरू. तो म्हणाला, “कशाला नाना... सगळ्यांना वाटतं माझंच चुकलं.” पुन्हा त्याने धक्क्यावर पाय ठेवला नाही. केळीची बाग मोडली, आणि ती चूक डोक्यावर घेऊनच गेला.

तांडेला, पास्कूचं काही चुकलं नव्हतं. मला तुझी फुलं नकोत, भरपाई नको. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याच पायरीवर उभा राहा आणि त्याच्या बायकोदेखत सांग: पाणी उतरत होतं, तर पुढच्या धक्क्याला पडाव लागला कसा?