दोर धरणारा

पाणीखात्यात त्याला सगळे खुंटा म्हणत. काम तसंच होतं. रस्त्याखाली मोठ्या नळाचे व्हॉल्व्ह असतात, दहा-बारा फूट खोल चेंबरमध्ये. एक जण कमरेला दोर बांधून खाली उतरतो आणि चाक फिरवतो. दुसरा हत्यारं सोडतो, गाड्या अडवतो. तिसरा दोर धरून उभा राहतो. तो तिसरा म्हणजे खुंटा. सव्वीस वर्षं.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दोराला हिसका बसतो. हिसके थांबले की एक हाक मारायची. उत्तर आलं नाही तर ओढायचं. खाली वायू साचलेला असला तर माणूस ओरडतही नाही. असे दोघे त्याने ओढून काढले होते. दोघेही जगले. गेली नऊ वर्षं खाली उतरत होता त्याच्या बायकोचा भाऊ.

नगरपालिकेने खात्याच्या गाड्यांवर कॅमेरे बसवले. संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटरने तीन महिन्यांचं चित्रण तपासलं आणि हिशेब मांडला: तिसरा माणूस शंभरातली एकाहत्तर मिनिटं रिकामा. त्यावरून नियम येणार होता. टोळीत दोनच माणसं. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

"भाऊजी, यंत्रालासुद्धा कळलं तुम्ही खुंटा आहात ते," मेहुणा जेवताना म्हणाला.

"दात काढू नकोस," खुंट्याची बायको भावाला म्हणाली. "खाली तूच असणार आहेस. वर कोण असेल?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून खुंटा संस्थेत गेला. संशोधक बाई त्याच्या मुलीच्या वयाची. तिने काही लपवलं नाही. "जो हलत नाही तो रिकामा, असं आम्हीच कॉम्प्युटरला शिकवलं."

"शिकवणाऱ्यांपैकी चेंबर कोणी पाहिलंय?"

"कोणीच नाही."

"मग बरोबर आहे. देवळाबाहेर बसून आरती शिकवल्यासारखं झालं."

ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही बसता का? एकेक तुकडा बघायचा आणि सांगायचं, हे काम की रिकामपण."

तो चार दिवस बसला. दोर हातात असेल तिथे काम. हातांवरचा ताण बघून खाली काय चाललंय तेही तो सांगायचा. बाई लिहून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी एक तुकडा आला. दोर गाडीच्या हुकाला अडकवलेला. दोर धरणारा पलीकडच्या दुकानदाराशी गप्पा मारतोय. अकरा मिनिटं. चेंबर उघडं, माणूस खाली.

खुंट्याने तुकडा दोनदा बघितला.

"रिकामा."

"हे तुम्हीच ना?"

"मीच. खाली मेहुणा होता."

"अहवालात जाईल हे. तुमच्यावर येईल."

"येऊ दे. वाकडं शिकवलंत तर ते वाकडंच बोलणार."

असे आणखी तेरा तुकडे निघाले. त्या तेराही तुकड्यांत तोच होता.

नवा अहवाल नगरपालिकेत गेला. दोर हातात धरून उभं राहणं हे काम, असं नियमात लिहिलं गेलं. टोळीत तिघं राहिले. दोर हुकाला अडकवला की कॅमेरा मुकादमाला कळवेल, हेही लिहिलं गेलं. आणि चौदा तुकड्यांबद्दल खुंट्याची बदली झाली गोदामात.

घरी त्याने स्वतःच सांगितलं. मेहुण्याने हातातला घास ताटात ठेवला.

"अकरा मिनिटं, भाऊजी?"

"त्या दिवशी अकरा."

"आणि मी खाली चाक फिरवत होतो, वर तुम्ही आहात म्हणून निवांत."

 

सोमवारी दोरावर नवा माणूस आला. मेहुण्याने कमरेची गाठ दोनदा आवळली, चेंबरच्या तोंडाशी बसला आणि पाय खाली सोडण्याआधी त्याला म्हणाला, "गप्पा मारायच्या असल्या तर आत्ताच मारून ये. मी थांबतो."