ज्येष्ठमधाचा बार

मी आवाज काढतो. हळदीच्या कार्यक्रमात, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या पन्नाशीला. पुढारी, म्हैस, चालू न होणारी स्कूटी, एसटीचा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात बिनभाड्यानं राहतात. त्यामुळं गळा सारखा बसतो. गळा बसला की मी शहरातल्या माझ्या गारखेड्याच्या खोलीवरून शहागंजच्या बाजारात चाचांच्या दुकानात जातो. चाचा म्हणजे आमचे कुणी नातेवाईक नाय. सत्तरीचा माणूस, जडीबुटी विकतात, अन् पुडी बांधायच्या आधी गिऱ्हाईकाची उलटतपासणी घेतात. किसके वास्ते, उमर क्या, और क्या बीमारी.

त्यांच्याकडं ज्येष्ठमधाच्या चार तऱ्हा. सालीसकट काडी, सोललेली पिवळी काडी, भुकटी, अन् सत. मुळ्या उकळून उकळून पाणी आटवलं की खाली डांबरासारखा काळा गोळा राहतो, ते सत. त्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या वळून चाचा बरणीत भरून ठेवतात. मी गोळी तोंडात टाकली की ते इतिहास सुरू करायचे. माल अफगाणिस्तान-इराणकडून येतो. जुन्या जमान्यात फौजेतले शिपाई तहान मारायला हीच काडी चघळत चालायचे. चाचांच्या आजोबांकडं कव्वाल लोक रांग लावायचे. तिकडं विलायतेत मठातले साधू हे झाड लावायचे, खोकल्याला मुळी द्यायचे. पुढं कुण्या औषधवाल्यानं त्यात साखर घातली अन् दवाची मिठाई झाली. खरं-खोटं चाचांना माहीत. मला त्यांचा आवाज आवडायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक आवंढा.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गंगापूरला असतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. तीस वर्षं तंबाखू खाल्ली. मागच्या वर्षी दाताच्या डॉक्टरनं गालात आतून पांढरा डाग दाखवला अन् सांगितलं, आजपासून बंद, नायतर पुढचं मला सांगायला लावू नका. अण्णांनी खरंच बंद केली. पण दोन दिवसांत घरात कुणाला बसवेना. भाजीवरून ओरड, पंख्यावरून ओरड. आई म्हणायची, ह्यांच्या तोंडात कायतरी घाला रे.

तेवढ्यात माझी आत्येबहीण दिवाळीला आली. ती नेदरलँडला नोकरीला आहे. तिनं तिकडच्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पिशवीच आणली. नाण्यासारख्या, मांजराच्या आकाराच्या, काळ्या दोरीचं वेटोळं केलेल्या, काही चक्क खारट. खारट गोळी अण्णांनी तोंडात घेतली अन् लगेच हातावर थुंकली. "अगं, हा तर नवसागर. आम्ही तारेच्या जोडाला कथलाचा डाग द्यायला वापरतो," म्हणले. बहीण म्हणली, व्हय मामा, त्यात तेच असतं, लोक आवडीनं खातात. पिशवीत एक लाल दोरीबी होती, ती खाऊन बघितली तर तिच्यात ज्येष्ठमधाचा पत्ताच नव्हता, नुसता नावाचा कारभार. पण काळी गोड गोळी अण्णांनी गालात ठेवली अन् गप बसले. कितीतरी दिवसांनी घर गप झालं.

पिशवी चार दिवसांत संपली. मग मी चाचांकडून सताच्या गोळ्या घेतल्या. त्यांनी विचारलं, किसके वास्ते. मी सांगितलं, अण्णांसाठी, तंबाखू सोडलीय. चाचांनी चष्मा नाकावर ओढला.

"मियाँ, ये मिठाई नै है. दिन में एक. और बीपी है तो एक बी नै. अंदर पानी रोकती है ये."

अण्णांना बीपी आहे, पण ते मी चाचांना बोललो नाय. रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेतात, ते अख्ख्या घराला माहिती.

रविवारी मी गंगापूरला गेलो. ओसरीवर अण्णा, आई, शेजारचे दोघंतिघं. गोळ्यांची डबी अण्णांच्या हातात दिली अन् चाचांचा निरोप चाचांच्या आवाजात सांगितला. आईचा चष्मा नाकावर ओढला, प्रत्येक शब्दाला एक आवंढा गिळला. हसून हसून आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचे काका भिंतीला टेकले. अण्णा तंबाखू सुटल्यापासून पहिल्यांदा हसले, अन् म्हणले, परत कर. मी परत केलं. मग अजून एकदा केलं. तीनदा निरोप दिला, पण ऐकू कुणालाच गेला नाय. मलाबी नाय. मी फक्त आवंढा बरोबर जमतोय का तेवढंच बघत होतो.

आता तीस वर्षं तंबाखू खाल्लेला माणूस गोळी चोखत नसतो. तो बार भरतो. अण्णांनी गोळी डाव्या गालात लावली, विरघळली की दुसरी. चहानंतर एक, जेवल्यावर एक, झोपताना एक. पुढं भुकटीबी मागवली. ती तळहातावर घ्यायची, अंगठ्यानं मळायची, वरून टाळी द्यायची. त्यात ना चुना ना काय, पण हाताला सवय. त्यांचे दोस्त चिडवायचे, अण्णा बालवाडीत चालले, चॉकलेट खातेत. अण्णा उलटे त्यांनाच ऑफर करायचे. दीड महिन्यात गालातला डाग फिका पडला. मी दर आठवड्याला डबी भरून नेत होतो अन् स्वतःवर लई खूष होतो.

मग पायाला सूज आली. चपलेचा पट्टा काढला तरी खूण तशीच राहायची. दुकानात तांब्याची तार ओढून ताणायला हातात जोर उरेना. अण्णा म्हणले, वय झालं. एक दिवस मोटरीचं झाकण उचलताना गुडघेच बसले खाली. जीप करून शहरात आणलं. डॉक्टरनं बीपी दोनदा मोजलं, मशीन बदलून तिसऱ्यांदा मोजलं. बीपी लई चढलेलं, अन् रक्तात पोटॅशियम पार उतरलेलं. खाण्यात काय असतं, विचारलं. अण्णा म्हणले, काय नाय साहेब, मी तर सगळंच सोडलं.

मी त्यांच्या खिशातनं डबी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं वास घेतला. दिवसाला किती? अण्णांनी माझ्याकडं बघितलं, जसं काय मी मोजत होतो. मग म्हणले, पंधरा-वीस. डॉक्टर चिडले नाय. शांतपणे सांगितलं, अजून काही दिवस असंच चाललं असतं तर हृदयाचे ठोके चुकले असते. आजपासून बंद. सूज उतरंल, ताकद येईल, वेळ लागंल.

बाहेर बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. आई औषधं आणायला गेली होती.

"तंबाखू सोड म्हणले, सोडली," अण्णा म्हणले. "आता हे बी सोड. मग तोंडात ठेवू काय, ते तू सांग."

मला कुणाच्या ना कुणाच्या आवाजात उत्तर सुचतंच. त्या दिवशी माझ्याच आवाजात निघालं. मी म्हणलं, "अण्णा, चाचांनी सांगितलं होतं. दिवसाला एक. बीपीवाल्याला ती बी नाय."

"सांगितलं व्हतंस की. तुझ्या आईचा चष्मा घालून." त्यांचा हात सवयीनं रिकाम्या खिशात गेला. "लई हसलो व्हतो आपण."

चाचांना तोंड दाखवायला मला आठवडा लागला. सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं, पण त्यांनी नुसती सताची बरणी उचलून मागच्या फळीवर ठेवली अन् बडीशेपेची पुडी बांधली. म्हणले, वास जवळपास तोच, विलायतेतल्या गोळ्यांत बी हिच्या जातीचं तेल घालतात, अन् हिनं बीपी चढत नाय. अण्णांनी बडीशेप दोन दिवस खाल्ली. म्हणले, हे जेवणानंतरचं हाय, हे गालात थांबत नाय. मग वेलची झाली, लवंग झाली. आवळ्याची सुपारी झाली. एकही थांबत नाय.

सूज आता उतरलीय. तार परत ताणता येती. पण तोंड रिकामं आहे, अन् डाग कुठं चाललाय ते पुढच्या तपासणीशिवाय कळणार नाय. मी रोज संध्याकाळी फोन करतो. काय काय बोलतो, कोणती मोटर आली, कुणाची हळद झाली. परवा मी बोलत होतो अन् ते मध्येच म्हणले, "आज तंबाखूची एक चिमूट घेतली."

मी विचारलं, थुंकली का.

"थुंकली. उशिरानं."

मला रागवायचं होतं. पण कोणत्या तोंडानं रागवायचं. मी म्हणलं, उद्या?

"उद्या लवकर फोन कर," अण्णा म्हणले. "सहा वाजता दुकान आवरतो ना मी, तेव्हाच लई ओढ लागती."